शेवटच्या माणसाचा वकील

(संविधान दिनाच्या निमित्ताने अधिवक्ते, विधी शाखेचे विद्यार्थी आणि सेवावस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ. – संपादक)



कायद्याच्या जाणकारांच्या सभेत न्यायावर बोलण्यासाठी एका पत्रकाराला पाचारण करणे हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. मी विधी शाखेचा पदवीधर नाही. कला शाखेत शिकलो आणि पुढचे आयुष्य बातमीदारीत गेले. परंतु बातमीसाठी न्यायालयाच्या आवारात तासन् तास बसणाऱ्याला काही माणसे दिसतात, जी काळा कोट घालून लगबगीने आत जाणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. ही माणसे झाडाखाली किंवा व्हरांड्याच्या कडेला बसलेली असतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद असतात, आणि त्या कागदांत काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नसते. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

पायरी कोण टाळू शकतो?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. या म्हणीत अनुभव आहे, हे मान्य. पण ती कोणाचा अनुभव सांगते, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्यापाशी पायरी चढणे वा न चढणे असा पर्याय आहे, त्याच्यासाठी ती म्हण आहे. पतीच्या निधनानंतर सातबाऱ्यावरून नाव उडवले गेलेली विधवा, मजुरी बुडालेला वीटभट्टीवरचा कामगार, गावात चोरी झाली म्हणून पहाटे पालातून उचलून नेलेला पारधी तरुण यांच्यापुढे पर्याय कुठला? पहिल्या दोघांना पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसते. तिसरा तर पायरी चढत नाही, त्याला पोलिसांच्या गाडीतून आणून ती चढवली जाते.

रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश या भूमीत झाला, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. मात्र न्यायव्यवस्थेची कसोटी केवळ न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीच्या थोरवीवर होत नसते. त्या आसनापर्यंत दुबळ्याची हाक पोहोचते की नाही, यावरही ती होते. आपल्या जुन्या गोतसभांत दोष होते, जातीची उतरंड तिथेही होती. ते झाकण्याचे कारण नाही. पण तिथे वाद गावात चालत असे आणि आपल्या बाबतीत काय चालले आहे हे वादी-प्रतिवादीला कळत असे. आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या अशिक्षित माणसाला आपल्यावरचा आरोपही नीट समजत नाही. त्याच्या वतीने समजून घेणारा आणि त्याच्या वतीने बोलणारा एक माणूस हवा असतो. त्याचेच नाव वकील.

आणीबाणीतले कलम

राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क १९५० सालीच दिला. पण त्या वकिलाचे शुल्क कोणी द्यायचे, हे त्या कलमाने सांगितले नाही. मोफत विधी साहाय्याची स्पष्ट तरतूद घटनेत आली ती ४२ व्या घटनादुरुस्तीने, कलम ‘३९ क’ च्या रूपात. ही दुरुस्ती १९७६ ची, म्हणजे ऐन आणीबाणीतली! यरवडा आणि नाशिक रोडच्या कारागृहांत संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, सर्वोदयी कार्यकर्ते ‘मिसा’खाली डांबलेले होते. त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला आपली अटक बेकायदा असल्याची दाद न्यायालयात मागता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले. न्यायालयाचे दार बंद केले असताना गरिबाला वकील देण्याची भाषा घटनेत लिहिली जात होती.

पण इतिहासाची गंमत अशी की, ज्या हेतूने कलम आले असेल तो असो, आणीबाणी उठल्यानंतर त्याच कलमाला न्यायालयांनी जिवंत केले. त्या बहुमतात असलेले न्या. पी. एन. भगवती पुढे विधी साहाय्याच्या चळवळीचे अग्रणी झाले, आणि १९७६ च्या आपल्या निर्णयाबद्दल २०११ मध्ये त्यांनी जाहीर खेदही व्यक्त केला. १९७८ साली महाराष्ट्रातल्या होस्कोट खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य देणे आणि अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले.

या प्रवासात पत्रकारितेचाही वाटा आहे, तो मी थोड्या अभिमानाने सांगतो. आपल्या विदर्भातल्या कामठी येथे जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झालेले के. एफ. रुस्तमजी यांनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांवर लेख लिहिले. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा काही महिन्यांची, त्या गुन्ह्यासाठी माणसे खटल्याविना वर्षानुवर्षे आत होती. ते लेख वाचून अॅड. कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो हुसैनारा खातून खटला. त्यातून देशभरातले हजारो कच्चे कैदी सुटले आणि गरीब आरोपीला वकील मिळणे हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. पुढे मुंबईच्या कारागृहातील महिला बंद्यांची स्थिती पत्रकार शीला बारसे यांनी एका पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयाला कळवली. त्यावर १९८३ मध्ये आलेल्या निकालाने तुरुंग आणि विधी साहाय्य समिती यांना एकमेकांशी जोडण्याचे आदेश दिले.

माझ्या दृष्टीने या साखळीतली सर्वांत महत्त्वाची कडी १९८६ ची आहे. अरुणाचल प्रदेशातील सुक दास खटल्यात युक्तिवाद होता, आरोपीने वकील मागितलाच नाही! न्यायालयाने तो फेटाळला. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा? म्हणून हा हक्क मागण्यावर अवलंबून नाही, तो न मागता मिळाला पाहिजे. बंधुभगिनींनो, आजच्या भाषणातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवावे, असे मला वाटते. न मागता मिळाला पाहिजे.

कसाबलाही वकील दिला, मग?

हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाबला सरकारी खर्चाने वकील का दिला? आपल्यापैकी अनेकांच्या मनात त्या वेळी संताप होता, आणि तो अस्वाभाविक नव्हता. पण थोडा विचार करा. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून त्याला धरून ठेवले, म्हणून तो जिवंत हाती लागला. तो जिवंत सापडला म्हणून पाकिस्तानचा कट जगापुढे पुराव्यानिशी मांडता आला. तो खटला भारतीय कायद्यानुसार, बचावाची पूर्ण संधी देऊन चालला, म्हणूनच त्याच्या निकालाकडे जगात कोणाला बोट दाखवता आले नाही. तो वकील कसाबचा सन्मान नव्हता, आपल्या कायद्याचा सन्मान होता.

आणि याच खटल्याच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक मूलभूत गोष्ट सांगितली. अटक झालेल्या व्यक्तीला प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते त्याच क्षणी, तुला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर शासन वकील देईल, हे तिला सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य टाळणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल.

म्हणून मी प्रश्न उलटा विचारतो. शत्रूच्या घातपात्याला जे मिळाले, ते आपल्याच देशातल्या निरपराध गरिबाला का मिळू नये? कसाबला वकील दिला याबद्दल रागावणाऱ्याने, यमगरवाडीच्या परिसरातल्या एखाद्या भटक्या तरुणाला पहिल्या दिवशी वकील मिळाला का, याचीही तितक्याच तळमळीने चौकशी केली पाहिजे.

कागदावरचा हक्क, हातातला हक्क

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. कायदा उत्तम आहे. सर्व महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. उत्पन्नासाठी अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे मानता येते. न्यायालयीन शुल्क, टंकलेखन, नकलांचा खर्च यांचाही त्यात समावेश होतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आणि तालुक्यात समिती आहे. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

मग अडते कुठे? सर्वप्रथम शब्दावर अडते. सामान्य माणूस या वकिलालाही ‘सरकारी वकील’ म्हणतो. पण त्याच्या लेखी सरकारी वकील म्हणजे आपल्याला शिक्षा व्हावी म्हणून उभा राहणारा माणूस! त्यामुळे ‘सरकार तुला वकील देईल’ असे सांगितले की आरोपी धास्तावतो. घरची मंडळी मंगळसूत्र मोडतात, शेळ्या विकतात, पण खासगी वकील करतात. शासनाने अलीकडे ‘लोकअभिरक्षक’ हा शब्द आणला आहे. शब्द सुंदर आहे. तो वस्तीपर्यंत पोहोचवला पाहिजे.

दुसरी अडचण पैशाची. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५’ नुसार देशात विधी साहाय्यावरील दरडोई वार्षिक खर्च ६ रुपये ४६ पैसे आहे. एवढ्यात आज टपरीवर अर्धा कप चहा येत नाही. मानधन तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाही, अशी तक्रार असेल तर अनुभवी वकील पॅनेलवर कशाला येईल? मग काम नवख्यावर पडते. तो प्रामाणिक असतो, पण त्याला घडवणारे कोणी नसते.

अशा घाईगर्दीच्या बचावाचे मोल काय असते? मध्य प्रदेशातल्या खंडवा येथील एका खटल्यात आरोपीला विधी साहाय्याचा वकील मिळाला त्याच दिवशी, २०१३ च्या फेब्रुवारीत, आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात फाशीची शिक्षा झाली. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता, एका बालिकेचा बळी गेला होता, समाज संतप्त होता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून नव्याने सुनावणी करण्यास सांगितले. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीस किमान सात दिवस द्यावेत, असे दंडक घालून दिले. तो आरोपी २०२४ मध्ये, अकरा वर्षांनी, निर्दोष सुटला. यात त्या माणसावर तर अन्याय झालाच, पण त्या बालिकेवरही झाला. घाईने दिलेला न्याय पीडितालाही न्याय देत नाही.

२०२२ पासून पूर्णवेळ लोकअभिरक्षकांची योजना सुरू झाली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वेतनावरचे मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक केवळ गरीब आरोपींच्या बचावाचे काम पाहतात. पण ही योजना फौजदारी खटल्यांपुरती आहे. जमिनीचा, पोटगीचा, वारसाचा दावा लढवणारी स्त्री अद्याप जुन्याच पॅनेलवर अवलंबून आहे. दुसरीकडे लोकअदालतींचे आकडे डोळे दिपवतात, परंतु त्यांत वाहतूक दंडाची चलने आणि बँकांची वसुली किती, आणि दुबळ्याला मिळालेला न्याय किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. तडजोड ही दोन समबलांत शोभते. एका बाजूला बँक आणि दुसऱ्या बाजूला वकिलाविना शेतकरी असेल, तर त्या तडजोडीला शरणागतीचा वास येतो.

तिसरी अडचण जामिनाची. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांतल्या काहींना जामीन मंजूर होऊनही ते आतच असतात, कारण हमीदार मिळत नाही. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाच्याच कार्यक्रमात, संथाळ समाजात जन्मलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायमूर्तींसमोर या कैद्यांची व्यथा हिंदीतून मांडली. त्यानंतर चक्रे हलली. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्य करण्याची योजना केंद्र शासनाने त्याच वर्षी आणली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली. औषध दुकानात आले आहे. रुग्णाच्या घरापर्यंत ते नेणार कोण, हा प्रश्न उरतो.

कायद्याच्या यादीत नसलेले आपले बांधव

इथे मी भटक्या-विमुक्तांकडे येतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण आपल्या इतिहासातली लाजिरवाणी खूण आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलीस ठाण्याच्या मनातून तो पुरता गेला आहे का?

२००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचार करून सहाही जणांना निर्दोष ठरवले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांतून सुरुवातीला ओळखलेले चौघे वेगळेच होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! न्यायालयाने प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देण्यास सांगितले. सोळा वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही. त्या खटल्यातल्या वकिलांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्यामागे समाज उभा नसतो त्यांची बाजू किती उशिरा ऐकली जाते, याचे याहून विदारक उदाहरण नाही.

आता कायद्यातली एक फट पाहा. विधी सेवा अधिनियमाच्या कलम १२ मधील यादीत अनुसूचित जाती-जमाती आहेत, भटक्या-विमुक्त जमाती या नावाने नाहीत. महाराष्ट्रातला पारधी अनुसूचित जमातीच्या यादीत सापडेल, पण वडार, बेलदार यांचे काय? कोठडीत गेल्यावर त्यांना वकील मिळू शकतो. परंतु जमिनीच्या, मजुरीच्या, मारहाणीच्या तक्रारीसाठी पुरुष अर्जदाराला उत्पन्नाच्या अटीतून यावे लागते, आणि पालात राहणाऱ्याकडे रहिवासाचा पुरावाही नसतो. या जमातींचा नामोल्लेख कलम १२ मध्ये व्हावा, ही मागणी या मेळाव्यातून गेली पाहिजे.

काम आपल्या हातचे

शासनाने काय करावे याची यादी करणे सोपे असते. मला आपल्याकडे वळायचे आहे. पूज्य बाळासाहेब देवरस यांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सामाजिक समतेचा विषय संघटनेच्या केंद्रस्थानी आणला. दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार दिला. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९२ साली अधिवक्ता परिषद उभी राहिली. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यमगरवाडीत भटक्यांच्या मुलांसाठी शाळा उभारली. या परंपरेला साजेसे, आणि उद्यापासून सुरू करता येईल असे चार प्रकारचे काम मला दिसते.

पहिले, इथे बसलेल्या प्रत्येक अनुभवी अधिवक्त्याने विधी साहाय्याची वर्षाकाठी दोन-तीन प्रकरणे स्वीकारावीत, आणि ती आपल्या शुल्काच्या प्रकरणांइतक्याच तयारीने चालवावीत. गरिबाला दिलेला वेळ हा उरलेला वेळ नसावा.

दुसरे, सेवावस्तीतील कार्यकर्त्याने विधी स्वयंसेवक म्हणून प्राधिकरणाकडे नाव नोंदवावे. रक्तदात्यांची यादी आपल्या खिशात असते, तसा १५१०० हा क्रमांक आणि तालुका समितीचा पत्ता पाठ असावा. वस्तीतल्या कोणाला अटक झाली तर चोवीस तासांच्या आत, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यापूर्वी, आपला माणूस तिथे पोहोचला पाहिजे. बहुतेक अन्याय त्या पहिल्या दिवशीच घडतो.

तिसरे, हमीदाराचा प्रश्न. ज्याच्या जामिनासाठी कोणी नाही, त्याची माहिती घेऊन, प्रकरण पारखून, शासनाच्या योजनेचा अर्ज भरून देणे हे काम विधी शाखेचे विद्यार्थी उत्तम करू शकतील.

चौथे काम आम्हा वृत्तपत्रवाल्यांचे. अटकेची बातमी पहिल्या पानावर आणि सुटकेची आतल्या पानावर चार ओळींत, ही रीत बदलली पाहिजे. रुस्तमजींच्या लेखांनी तुरुंगांचे दरवाजे उघडले. जिल्ह्याच्या वार्ताहराने महिन्यातून एकदा कारागृहातील कच्च्या कैद्यांची संख्या विचारली, तरी बरेच घडेल.

कोणी म्हणेल, अशाने गुन्हेगार मोकाट सुटतील. वकील मिळाल्याने गुन्हेगार सुटत नाही, कच्च्या तपासामुळे सुटतो. उलट चांगला बचाव पोलिसांना चांगला तपास करायला भाग पाडतो. आणि निरपराध माणूस आत असतो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर असतो, हेही विसरू नये.

संघटित समाज म्हणजे काय? माझ्या मते, ज्या समाजात कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा उभा राहत नाही, तो संघटित समाज. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात येत्या सोमवारी कोणाला उभे केले जाणार आहे आणि त्याच्या बाजूने कोण बोलणार आहे, एवढी चौकशी आपण करावी, अशी विनंती करतो आणि थांबतो.